डावीकडचा उजेड

“काकू, सगळे पडदे ओढून घ्या बरं,” शिरीन शिडीवरून म्हणाली. “बाहेरचा उजेड आत असेपर्यंत दिव्याचं खरं काही कळायचं नाही.”

मी गॅलरीचा पडदा ओढला, मग खिडकीचा. भर दुपारी हॉल अंधारून आला. कोपऱ्यातल्या खुर्चीतून माई म्हणाल्या, “आधी अंधार करायचा आणि मग दिवे लावायचे. काय एकेक.”

माई म्हणजे माझ्या सासूबाई. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेल्यातच जमा होते. उजेड कुठल्या बाजूला आहे एवढं त्यांना कळायचं, आणि माणसं त्या आवाजावरून ओळखायच्या. दिवसभर त्या खुर्चीत बसून असायच्या. मी दिवसभर घरात फिरत असायची. आमच्या दोघींत बोलणं व्हायचं ते चहाचं, औषधाचं आणि कोण वारलं त्याचं.

उदय, माझा नवरा, जाऊन वर्ष होत आलं होतं. तो सांगलीतल्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवायचा, पण लोक त्याला ओळखायचे ते त्याच्या जलरंगातल्या चित्रांमुळे. त्याच्या चित्रकार मित्रांनी ठरवलं होतं की वर्षश्राद्ध झालं की एका संध्याकाळी आमच्याच घरी जमायचं आणि घरातली चित्रं नीट बघायची. नीट बघायची म्हणजे दिवे हवेत. आमच्या हॉलमध्ये एक ट्यूबलाइट होती. कुठल्याही चित्रासमोर उभं राहिलं की काचेत आधी ती ट्यूब दिसायची, मग आपलं तोंड, आणि उरलेल्या जागेत चित्र. उदयला त्याचं कधी काही वाटलं नाही. काढून झालेल्या चित्राकडे तो फारसा बघायचाच नाही.

शिरीन मुजावर त्याची जुनी विद्यार्थिनी. तिचं विश्रामबागेत दिव्यांचं दुकान होतं. “सरांच्या चित्रांचे दिवे मीच लावणार,” असं तिनं फोनवरच सांगून टाकलं होतं. बोलायला मोकळी, हसायला मोठ्यानं. ती आली की घरात कुणीतरी आल्यासारखं वाटायचं.

फक्त माईंना ते दिवे नको होते. पहिल्या दिवसापासून.

“इतकी वर्षं चित्रं भिंतीवर आहेतच की,” त्या म्हणाल्या होत्या. “आता कुणाला दाखवायचीत?”

“ह्यांचे मित्र येणार आहेत, माई.”

“त्यांनी बघितलेलीच आहेत सगळी.”

मला त्याचा राग आला होता. स्वतःला दिसत नाही म्हणून दुसऱ्यानंही बघू नये असं वाटत असेल, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. तो मी बोलून दाखवला नाही. आमच्या घरात कुणीच काही बोलून दाखवत नसे.

तर त्या दुपारी शिरीननं एक दिवा लांब वायरीला जोडून आणला होता. तो हातात धरून ती एकेका चित्रासमोर उभी राहायची आणि मला विचारायची. पिवळा दिवा धरला तर नदीचं पाणी गढूळ दिसायला लागे. पांढरा धरला तर कागद असा फटफटीत व्हायचा की दवाखान्याची भिंत बघतोय असं वाटावं. मधला एक होता, सकाळी नऊच्या उन्हासारखा. त्यात उदयचे रंग ओळखीचे वाटले.

“हाच घेऊ,” मी म्हटलं.

“पण जोराचा नको हां, काकू. जलरंग उडतात उजेडानं. बघायला कुणी असेल तेव्हाच लावायचा.”

“बघायला मीच असते.”

“मग तुम्ही बसाल तेव्हा लावा,” ती सहज म्हणाली आणि पुढच्या चित्राकडे वळली.

उदयची सगळी चित्रं रिकाम्या जागांची होती. उठून गेलेला बाजार. सुट्टीतली शाळा. लग्न आटोपल्यावरचा मांडव. चित्रात माणूस कुठंच नाही, पण नुकताच कुणी उठून गेलाय असं वाटायचं. त्यावर लोक फार बोलायचे. एका समारंभात एका मोठ्या माणसानं भाषणात सांगितलं होतं की उदय ढवळीकरांनी एकांत रंगवला. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या होत्या. घरी येताना स्कूटरवर मागं बसून मी उदयला म्हटलं, “छान बोलले.” तो म्हणाला, “हं.” आमचं घर येईपर्यंत पुढं काही बोलणं झालं नाही.

यातलं पहिलं चित्र हरिपूरच्या घाटाचं. तेच सगळ्यात मोठं, सोफ्याच्या वरच्या भिंतीवर लावलेलं. सकाळची वेळ, कृष्णेचं पाणी, पाण्यात उतरत गेलेल्या दगडी पायऱ्या आणि त्या पायऱ्यांवर कुणी नाही. त्या चित्राला मुंबईत बक्षीस मिळालं आणि उदयचं नाव झालं.

ते चित्र काढलं तेव्हा आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. रविवारी उजाडायच्या आत आम्ही स्कूटरवर हरिपूरला जायचो. वाटेत चिंचेची झाडं, गावात शिरलं की हळदीचा वास. उदय वरच्या अंगाला बोर्ड मांडून बसायचा आणि मला म्हणायचा, “तू खाली जाऊन बस. पाण्याजवळ.” मी जाऊन बसायची. पाण्यात पाय सोडायची. मध्येच मान वळवून विचारायची, “झालं का?” तो म्हणायचा, “हलू नकोस.” असे बरेच रविवार गेले. निपाणीच्या घरात आम्ही पाच बहिणी. माझ्याकडे इतका वेळ कुणी बघत बसलंय असं माझ्या आयुष्यात तोवर घडलं नव्हतं.

मग मी धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी माहेरी गेले. परत आले तेव्हा चित्र पुरं होऊन भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. घाट होता, पाणी होतं, कोवळं ऊन होतं. मी नव्हते.

“मी कुठाय?” मी हसतच विचारलं.

“चित्राला माणूस नको होता,” उदय म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला.

मी आणखी काही विचारलं नाही. नवी नवरी होते. वाटलं, चित्रातलं आपल्याला काय कळतं, बसवलं असेल नुसतं मापासाठी. पुढं एकदोन रविवार त्यानं बोलावलं, मी काहीतरी काम काढलं. मग त्यानं बोलावणं सोडलं. तो एकटाच जायला लागला आणि मी टेलिफोन खात्यातल्या नोकरीत रमले. आमचं भांडण असं कधी झालं नाही. लोकांना आमचा संसार शांत वाटायचा. होताच शांत.

“इथं जरा अडचण आहे,” शिरीनच्या आवाजानं मी भानावर आले. ती त्या घाटाच्या चित्रासमोर सोफ्यावर उभी होती. “वरून दिवा सोडावा तर मध्ये तुळई येते. सावली पडणार. बाजूनं बघू का? त्या डावीकडच्या भिंतीवरून?”

“बघ की.”

तिनं चित्राची काच पुसायला म्हणून आधीच काढून ठेवली होती. ती डाव्या बाजूला गेली आणि दिवा भिंतीला जवळजवळ टेकवून धरला. उजेड कागदावरून आडवा सरपटत गेला.

मी त्या चित्राची धूळ वर्षानुवर्षं पुसली होती, पण असं ते कधी बघितलं नव्हतं. कागदाचा सगळा खडबडीतपणा वर आला होता. आभाळाचा भाग गुळगुळीत, पाणी गुळगुळीत, आणि खाली, पाण्याजवळच्या पायरीवर, कागदाला लव आल्यासारखी झाली होती. धुऊन धुऊन विटलेल्या चादरीला येते तशी.

“अगं बाई,” शिरीन म्हणाली. “इथं कागद खराब झालाय, काकू. ओल लागली होती का कधी?”

मी काही बोलायच्या आत माई कोपऱ्यातून म्हणाल्या, “पायरीवर ना? ते तसंच आहे पहिल्यापासून. तू वरूनच लाव दिवा.”

शिरीन “बरं आजी” म्हणाली आणि वायर गुंडाळायला लागली. मी मात्र जिथल्या तिथं उभी राहिले. शिरीननं कुठं ते सांगितलंच नव्हतं. आणि माईंना दिसत नव्हतं.

“शिरीन, जरा थांब,” मी म्हटलं. “धर पुन्हा दिवा. तसाच.”

मी चित्राच्या अगदी जवळ गेले. उदयबरोबर इतकी वर्षं राहून मला एवढं कळत होतं की जलरंगात चूक झाली तर ओल्या स्पंजानं रंग उचलतात, आणि फार घासलं तर कागद उठतो. उठलेली जागा वेडीवाकडी नव्हती. तिला आकार होता. वाकलेली पाठ होती, पुढं टेकलेला हात होता, आणि पाण्यापर्यंत उतरत गेलेले दोन पाय. हाताच्या जागी पेन्सिलची एक बारीक रेघ पुसायची राहून गेली होती. मनगट आणि त्यावर बांगड्यांचे दोन अर्धगोल.

“काय आहे काकू?” शिरीननं विचारलं.

“काही नाही,” मी म्हटलं. “दिवा कुठून लावायचा ते तुला उद्या कळवते.”

ती गेल्यावर मी दार लावलं. पडदे उघडायचे राहिले. मी सोफ्याच्या कडेवर बसले आणि माईंकडे बघत राहिले. माई खुर्चीच्या हातावर बोटं फिरवत होत्या.

“गेली का ती?” त्यांनी विचारलं.

“गेली.”

“पडदे उघड की मग.”

“माई, तुम्हाला कसं माहीत, पायरीवर ते?”

त्या काही सांगणार नाहीत असंच मला वाटलं. मी उठणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, “माझ्यासमोरच पुसलं त्यानं.”

“मला पुसलं?”

“हो.”

“का?”

“मी म्हटलं म्हणून.”

माईच पुढं बोलायला लागल्या, अगदी सावकाश, तोंड खिडकीकडे करून.

“तू निपाणीला गेली होतीस. त्यानं चित्र आणून माझ्यापुढं धरलं. लहानपणापासून आधी मलाच दाखवायचा तो. पाटीवर कावळा काढला तरी मला. त्याचे वडील गेले तेव्हा तो पाळण्यात होता, तेव्हा दुसरं होतं कोण दाखवायला. तर आणलं आणि म्हणाला, आई बघ. मी बघितलं. आणि बघताक्षणी मला कळलं की आता हा मला दाखवतोय ते नुसतं सवयीनं.”

“मग?”

“मग मी म्हटलं, घाट छान उतरलाय, पण त्या बाईमुळं सगळं बिघडलं. नजर तिच्यावरच जाते.” माई थांबल्या. “मला वाटलं, भांडेल. भांडला असता तर मी दोन दिवस रुसले असते आणि सोडून दिलं असतं. पण तो काही बोललाच नाही. मोरीतून पाणी घेऊन आला, स्पंज घेऊन आला आणि तिथंच माझ्यापुढं बसून पुसायला लागला. मी नको म्हणायला पाहिजे होतं. तोंडाशी आलं होतं. पण नाही म्हटलं. पुसून झाल्यावर वर बघून म्हणाला, आता बघ. झालं ना तुझ्या मनासारखं.”

“आणि तुम्ही काय म्हटलंत?”

“छान झालंय म्हटलं.”

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. मी उठून स्वयंपाकघरात आले. चहाचं आधण ठेवलं, ते उकळून आटलं, पुन्हा पाणी घातलं. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. मनात एकच गोष्ट फिरत होती. त्यानंतरच्या एकाही चित्रात त्यानं माणूस काढला नव्हता. एवढ्या वर्षांत एकही नाही. आणि मी समजत होते की त्याला माणूस नकोच होता.

तो मला का बोलला नाही, हा प्रश्न विचारायला आता कुणी नव्हतं. आईनं सांगितलं आणि मी ऐकलं, हे बायकोला सांगायची लाज वाटली असेल. किंवा मी विचारायची वाट बघत असेल. मी विचारलंही होतं, एकदा, हसत. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं का, ते मला आजही सांगता येत नाही.

पुढचे काही दिवस मी माईंशी बोलले नाही. ताट पुढं ठेवायची, औषध हातात द्यायची, आंघोळीचं पाणी काढायची. पण बोलायची नाही. त्यांनीही विचारलं नाही. आमच्याकडे अबोला धरला तरी घरात फारसा फरक पडत नव्हता, हे मला त्या दिवसांत कळलं, आणि सगळ्यात जास्त लागलं ते तेच.

शिरीनचा फोन आला. “काकू, ठरलं का? वरून लावायचा तर मला तुळईला पट्टी मारून घ्यावी लागेल. बाजूनं लावला तर तो डाग दिसणार बरं का. पाहुण्यांसमोर बरं नाही दिसायचं.”

“बाजूनं लाव,” मी म्हटलं. “डावीकडून.”

माई खुर्चीत बसून ऐकत होत्या.

खरं सांगायचं तर त्या वेळी मी तो दिवा माईंसाठी लावून घेतला. त्यांना दिसणार नव्हतं, पण तो लागलेला त्यांना कळणार होता. रोज संध्याकाळी डावीकडून उजेड आला की त्यांना कळलं असतं की मला ती जागा दिसतेय. तेवढं मला हवं होतं.

ठरलेल्या संध्याकाळी उदयचे मित्र आले. कुणी शाल आणली, कुणी पेढे. सगळे चित्रांसमोरून फिरले. दिव्यांचं कौतुक झालं. घाटाच्या चित्रासमोर त्याचे एक जुने स्नेही बराच वेळ उभे राहिले. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “वहिनी, हा दिवा बदलून घ्या. कागदाचा दोष वर येतोय. उदयनं लपवला होता, तो आपण कशाला दाखवायचा?”

“राहू द्या,” मी म्हटलं. “मला तसंच हवंय.”

त्यांनी मान हलवली आणि चहाचा कप खाली ठेवला. सातच्या सुमाराला सगळे निघाले. कपबशा आवरल्या, सतरंजी गुंडाळली. मग एकेक दिवा बंद करत आले आणि त्या डावीकडच्या दिव्याशी थांबले. घरात मी, माई आणि ते चित्र. बाकी सगळा हॉल अंधारात.

“एक चालू आहे अजून,” माई म्हणाल्या.

किती दिवसांनी त्या आपणहून बोलल्या होत्या.

“हो.”

“तुझाच ना तो?”

मी चित्राकडे बघत राहिले. पाठ दिसत होती, हात दिसत होता, पाय दिसत होते. पण ते सगळं नुसत्या कागदाच्या खरखरीतून. आत काय होतं ते कळायला काही मार्ग नव्हता. साडी कुठली, केस कसे, मी कुठं बघत होते. उदयनं मला कसं बघितलं होतं ते उदयला माहीत होतं आणि तो गेला. आणि मग माझ्या लक्षात आलं की पुसण्याआधीचं ते चित्र बघितलेलं आणखी एक माणूस होतं. जगात एकच. आणि ते माझ्यापासून पाच हातांवर खुर्चीत बसलं होतं, वय झालेलं, आज आहे तर उद्या नाही असं.

मी त्यांच्याजवळ गेले आणि खाली फरशीवर बसले. सून म्हणून आले तेव्हापासून अशी त्यांच्या पायाशी मी कधी बसले नव्हते.

“माई,” मी विचारलं, “कशी बसले होते मी त्यात?”

त्यांनी मान माझ्या आवाजाकडे वळवली. “तुला ऐकायचंय?”

“हो.”

“रागानं विचारतेस का?”

“रागही आहे. पण सांगा.”

माईंनी डोळे मिटले. दिसत नसताना डोळे कशाला मिटायचे असं मला वाटून गेलं.

“पाण्यात पाय सोडून बसली होतीस. डावा पाय थोडा वर उचललेला, पाणी निथळत असलेला. साडी हिरवी होती. कोवळ्या पोपटी पानासारखी.”

“माझ्याकडे हिरवी साडी नव्हती तेव्हा. निळी होती एक, आणि लग्नातल्या.”

“त्यानं हिरवी काढली होती. सगळ्या घाटात तेवढाच हिरवा रंग होता. म्हणून तर नजर जायची.”

मी बघितलं. चित्रात दगडांचा राखी होता, पाण्याचा निळा होता, उन्हाचा पिवळा होता. हिरवा कुठं नव्हता.

“केस?”

“वेणी पुढं घेतलेली. मानेवर थोडे सुटलेले. तेवढं त्यानं बारीक ब्रशानं केलं होतं, एकेक केस. एरवी तो इतकं बारीक काम करत नसे.” माईंचा आवाज बारीक झाला होता. “मान वळवलेली होती तुझी. वर बघत होतीस. त्याच्याकडे.”

“झालं का, असं विचारत असेन.”

“असेल. ते मला काय माहीत.”

“आणि चेहरा?”

त्यांचा हात खुर्चीच्या हातावरून सुटला, हवेत थोडा चाचपडला आणि माझ्या कपाळाला लागला. मग भुवयांवरून, गालावरून फिरला. इतक्या वर्षांनी त्यांना माझा चेहरा आठवून बघावा लागत होता.

“हसत नव्हतीस,” त्या म्हणाल्या. “पण आता हसणार, असं वाटायचं.”

मी त्यांचा हात धरला. वाळलेला, हलका हात होता. तो त्यांनी काढून घेतला नाही.

“पुन्हा सांगा,” मी म्हटलं. “पहिल्यापासून सांगा.”